दमलेली पट्टी

ज्या घासाला माझ्या जबड्यातली प्लेट तुटली, तो गुरगुट्या भाताचा होता. वर साधं वरण आणि तूप. डावीकडे, हनुवटीच्या जरा मागे, ‘कट’ असं वाजलं. तो आवाज कानांनी ऐकला की हाडातून आला, हे आजही सांगता येणार नाही. दुखलं मात्र अजिबात नाही. पुढचा घास चावायला तोंड मिटलं तर वरचे-खालचे दात एकमेकांवर बसेनात. आरशात पाहिलं, हनुवटी डावीकडे ओढली गेली होती.

मी कोल्हापुरात एका पॉलिटेक्निकमध्ये मेकॅनिकलच्या मुलांना मशीन डिझाइन शिकवते. धातू का तुटतो, हे चौदा वर्षं फळ्यावर लिहीत आले आहे. तरी त्या दुपारी ताटावर बसल्या बसल्या पहिला विचार आला तो हाच: मी असं काय कडक खाल्लं? प्रश्नच चुकीचा होता. तो का चुकीचा, हे पुरतं उमजायला मला पुढचं वर्ष लागलं. प्लेट बसवलेली जेवढी माणसं मला वॉर्डात आणि ओपीडीच्या बाकावर भेटली, त्या सगळ्यांच्या मनात हीच भीती होती, म्हणून हे लिहिते आहे.

आधी थोडं मागचं. अक्कलदाढ दुखते म्हणून ओपीजी काढला, म्हणजे दोन्ही जबडे एका लांबट फिल्मवर दाखवणारा एक्स-रे. त्यात डाव्या जबड्याच्या कोनात साबणाच्या फेसासारखे काळे बुडबुडे दिसले. बायोप्सीत ॲमेलोब्लास्टोमा निघाला. दात घडवणाऱ्या पेशींपासून होणारी ही गाठ. कॅन्सर नव्हे, पण हाड आतून पोखरत जाते, आणि नुसती खरवडून काढली तर बऱ्याचदा परत येते. म्हणून गाठीच्या पुढचं-मागचं सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर चांगलं हाडही कापावं लागतं. माझ्या सुळ्याच्या मागून थेट कानाखालच्या उभ्या हाडाच्या मध्यापर्यंतचा तुकडा जाणार होता. त्या हाडातून जाणारी नस त्याच्याबरोबर गेली. खालच्या ओठाची डावी बाजू तेव्हापासून बधिर आहे. पाणी ओघळलं तरी मला कळत नाही, समोरच्याच्या नजरेवरून कळतं.

सर्जननी दोन वाटा समोर ठेवल्या. एक, त्याच दिवशी पायातलं हाड काढून जबड्यात बसवायचं. दुसरी, आत्ता फक्त टायटॅनियमची प्लेट बसवून दोन टोकं जोडायची आणि हाड नंतर भरायचं. लेक दहावीला होती. पायाचं ऑपरेशन, महिनाभर कुबड्या, या विचारानेच मी दुसरी वाट घेतली. डॉक्टर स्पष्ट बोलले होते, “मॅडम, सहा महिन्यांत हाड बसवू. फार तर वर्ष.” मी मान डोलावली. सहा महिने झाले तेव्हा मी भात, उपमा, मऊ पोळी खात होते, तास घेत होते, चेहरा पुष्कळसा पूर्वीसारखा दिसत होता. मग परीक्षा आल्या, मग ॲडमिशन आल्या. सतराव्या महिन्यात प्लेट तुटली.

ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात डॉक्टरांनी मला माझाच जबडा हातात दिला होता. सीटी स्कॅनवरून थ्रीडी प्रिंटरवर काढलेला, पांढऱ्या प्लॅस्टिकचा. गाठीने डावी बाजू फुगली होती म्हणून उजव्या बाजूची आरशातली प्रतिमा घेऊन डावी बाजू तयार केली होती. त्यावर प्लेट आधीच वाकवून ठेवलेली. जाडी अडीच मिलिमीटरच्या आसपास, एका ओळीत छिद्रं, दोन छिद्रांमध्ये कंबर बारीक. हनुवटीकडे येताना एक वळण, आणि मागे जबड्याच्या कोनाशी मोठं वळण.

“मॉडेलवर का वाकवली?” मी विचारलं.

“म्हणजे आत गेल्यावर पुन्हा पुन्हा वाकवावी लागत नाही. एकदा वाकवून परत सरळ केली की तिचं आयुष्य कमी होतं, हे तुम्हाला मी काय सांगणार?”

खरंच सांगायला नको होतं. तार तोडायला पक्कड नसेल तर आपण तीच तार दोन-चारदा इकडून तिकडे वाकवतो. प्लेट वाकवताना छिद्र चेपू नये म्हणून त्यात छोटे स्क्रूसारखे तुकडे बसवून मग वाकवतात, हे मात्र मला नवीन होतं. चेपलेल्या छिद्रात लॉकिंग स्क्रू नीट बसत नाही. या स्क्रूच्या डोक्यालाही आटे असतात. तो हाडात जातो तसा प्लेटमध्येही घट्ट होतो, त्यामुळे प्लेट हाडावर दाबून बसवावी लागत नाही आणि खालच्या हाडाचा रक्तपुरवठा टिकतो. दोन्ही बाजूंच्या हाडांत किमान तीन-तीन स्क्रू हवेत. माझ्या पुढच्या बाजूला चार बसले, मागे तीन. मधली सात सेंटिमीटरची जागा मोकळी.

ही मोकळी जागाच सगळ्याचं मूळ आहे. साधं फ्रॅक्चर असेल तर हाडाची टोकं एकमेकांना टेकलेली असतात, प्लेट फक्त ती जागेवर धरते. भाराचा बराच वाटा हाडच उचलतं. मध्ये हाडच नसेल तर चावण्याचा, गिळण्याचा, जांभईचा सगळा भार त्या पट्टीतून जातो. आमच्या भाषेत, एकीकडे भार वाटून घेणारी प्लेट, दुसरीकडे एकटीने सोसणारी. दिसायला सारखीच, काम वेगळं.

निरोगी माणूस दाढेखाली पाचशे न्यूटनच्या आसपास, म्हणजे साधारण पन्नास किलो वजनाएवढा जोर लावू शकतो. माझ्यासारख्यांचा जोर त्याच्या जवळपासही जात नाही. एका बाजूचे स्नायू सुटलेले असतात, दाढा गेलेल्या असतात. म्हणून एकाच घासाने प्लेट मोडणं जवळपास अशक्य. मी मोडतोड एका जोराच्या हिशेबात मोजत होते. मोजायला हवे होते फेरे.

ऑपरेशनची वाट पाहत घरी बसले होते तेव्हा मी खरंच मोजले. तुटलेल्या जबड्याने नव्हे. वाटीभर मऊ भात लेकीला माझ्यासारखा एका बाजूने चावायला सांगितला आणि वहीत रेघा मारल्या. मग माझ्या आधीच्या दिवसभराच्या खाण्याचा अंदाज बांधला. दिवसाला सातशेच्या आसपास चावे निघाले. सतरा महिन्यांचे म्हणजे पाचशे दहा दिवस. तीन लाख सत्तावन्न हजार. बोलणं, गिळणं यात धरलेलंच नाही.

जर्मनीत १८५० आणि ६० च्या दशकांत ऑगस्ट व्होलर रेल्वेच्या आसांवर काम करत होता. आस तुटत होते, आणि एका वेळी येणाऱ्या भाराचा हिशेब केला तर ते तुटायला नको होते. त्याने दाखवलं की धातूला एका झटक्यात तोडायला जेवढा ताण लागतो, त्याच्या किती तरी खालचा ताण पुन्हा पुन्हा दिला तरी तो अखेर तुटतो. ताण जितका कमी तितके फेरे जास्त. हा आलेख मी दरवर्षी फळ्यावर काढते. त्याची आडवी अक्षरेषा लाखांत आणि कोटींत जाते. माझे साडेतीन लाख त्या अक्षावर कुठे बसतात, हे पाहायला मला वहीही उघडावी लागली नाही.

आणखी एक गैरसमज मी बाळगून होते. मी उजवीकडे चावते, मग डावीकडच्या प्लेटवर भार कसला? पण खालचा जबडा दोन सुटे भाग नाहीत, तो एक धनुष्य आहे, दोन्ही टोकांना सांधे. उजव्या दाढेखाली घास असला की स्नायू जबडा वर ओढतात, घास त्याला अडवतो, आणि धनुष्य वाकतं. घासाच्या विरुद्ध बाजूचा सांधाही भार घेतो, आणि माझ्या डाव्या सांध्यापर्यंत तो पोचायला प्लेटशिवाय दुसरा रस्ताच नव्हता. वर-खाली वाकणं एवढंच नाही. हनुवटीच्या भागात पिळही पडतो. तोंड मोठं उघडलं की दोन्ही बाजू आतल्या अंगाला मिलिमीटरच्या अंशाने जवळ येतात; म्हणजे जांभईसुद्धा प्लेट वाकवून जाते.

स्टीलची फूटपट्टी घेऊन पाहा. सपाट बाजूने बोटानेही वाकते, उभ्या कडेवर वाकवायला गेलं तर दाद देत नाही. जबड्यावरची प्लेट उभ्या कडेवर असते, म्हणून चावण्याच्या वर-खाली भाराला ती चांगली टिकते. आतबाहेरच्या वाकण्याला आणि पिळाला मात्र तिची फक्त जाडी असते. त्यात प्रत्येक छिद्रापाशी धातू कमी. ताण नेमका तिथे गर्दी करतो, अरुंद पुलावर वाहनं साचावीत तसा.

नव्या ओपीजीत तुटलेली जागा सहज दिसली. पुढच्या हाडातला शेवटचा स्क्रू, त्याला लागून मोकळ्या जागेवरचं पहिलं रिकामं छिद्र, आणि त्या छिद्रातून आरपार काळी रेघ. स्क्रूपर्यंत प्लेट हाडाला घट्ट, तिथून पुढे अधांतरी. घट्ट आणि अधांतरी यांची सीमा, त्यात छिद्र, त्यात हनुवटीकडचं वळण. मी मुलांना परीक्षेत ‘शाफ्ट कुठे तुटेल ते दाखवा’ असा प्रश्न घालते. एवढा सोपा मी कधी घातला नाही.

दुसऱ्या ऑपरेशननंतर मी तो तुकडा मागून घेतला. हॉस्पिटलने नोंद करून, निर्जंतुक करून पाकिटात दिला. आप्पा, माझे वडील, उद्यमनगरात चाळीस वर्षं लेथवर होते. गुऱ्हाळाच्या चरकाचे तुटलेले शाफ्ट त्यांच्याकडे यायचे. हंगामात दिवसरात्र ऊस गाळून शाफ्ट खांद्यापाशी तुटायचा, जिथे जाड भाग संपून बारीक सुरू होतो. नवा करताना आप्पा त्या कोपऱ्याला गोलाई द्यायचे. काटकोनात कोपरा सोडणाऱ्या पोराला मी त्यांना रागावताना पाहिलेलं आहे.

त्यांनी पाकीट उघडलं, चष्म्यावर भिंग धरलं आणि तुकडा खिडकीकडे नेऊन बराच वेळ फिरवून पाहिला.

“ही मोडली न्हाई पोरी. दमली.”

तुटलेल्या तोंडाचा एक भाग गुळगुळीत होता, छिद्राच्या आतल्या कडेपासून पसरत गेलेला. उरलेला भाग खरबरीत. लॅबमधल्या मायक्रोस्कोपखाली गुळगुळीत भागात फिकट, एकामागे एक वक्र रेषा दिसल्या, ओहोटीचं पाणी मागे सरताना वाळूत सोडतं तशा. प्रत्येक रेषा म्हणजे भेग थोडी पुढे सरकून थांबल्याची खूण. भेग महिनोन्‌महिने सरकत होती आणि मी हसत होते, तास घेत होते. खरबरीत भाग हा शेवटचा. उरलेल्या धातूला भार झेपेना तेव्हा तो एका क्षणात गेला. तोच माझा वरणभाताचा घास.

भेग सुरू झाली ती जागा वळणाच्या आतल्या बाजूला होती. पट्टी वाकवून सोडली की ती थोडी उलगडते, आणि त्या उलगडण्यात वळणाच्या आतल्या कडेला कायमचा ताण अडकून राहतो. रोजच्या चावण्याचा ताण त्यावर चढतो. प्लेट चुकीची वाकवली असं मी म्हणत नाही. जबडा सरळ नसतो, प्लेट वाकवावीच लागते. तिला दिलेली मुदत मी ओलांडली, एवढंच खरं आहे.

दुसऱ्या ऑपरेशनची कथा तशी मोठी, पण सांगण्यासारखा भाग एकच. पोटरीतलं बारीक हाड, फिब्युला, त्याच्या शिरेधमनीसकट काढतात. शरीराचा बहुतेक भार शेजारची जाड नडगी पेलते, म्हणून हे हाड देता येतं. घोट्याजवळचा आणि गुडघ्याजवळचा काही भाग मात्र ठेवतात, नाही तर घोटा डळमळतो. जबड्यासाठी हे हाड पहिल्यांदा १९८९ मध्ये वापरल्याचं प्रसिद्ध झालं, आणि आज जगभर हीच मुख्य वाट आहे. माझ्या हाडाला पाचरीसारखा एक काप देऊन जबड्याचा कोन तयार केला, आणि मायक्रोस्कोपखाली त्याच्या रक्तवाहिन्या मानेतल्या वाहिन्यांना शिवल्या. नऊ तास लागले. पुढचे दोन दिवस दर तासाला सिस्टर यायच्या, तोंडात बसवलेल्या पायाच्या कातडीचा रंग बघायच्या, डॉप्लर लावायच्या. त्या यंत्रातून माझ्या जबड्यातली नाडी ‘फुस्स-फुस्स’ वाजायची. एवढा दिलासा देणारा आवाज मी दुसरा ऐकलेला नाही.

ऑपरेशनआधी नवी प्लेट दाखवली तेव्हा मी घाबरले होते. ती आधीच्यापेक्षा बारीक होती. जाड तुटली, आता बारीक टिकेल कशी?

डॉक्टरांनी कागदावर दोन रेघांचं चित्र काढलं. यावेळी मधली जागा रिकामी नाही, हाडाला हाड टेकलेलं आहे. सांधा जुळेपर्यंत प्लेटने धरून ठेवायचं, जुळला की भार हाडाचा. शिवाय प्लेट फार ताठ असेल तर ती सगळा भार स्वतःच खाते आणि हाड उपाशी राहतं. हाडाला भार लागतो. युलियस वोल्फने १८९२ मध्ये मांडलेलं तत्त्व आहे ते: ज्या हाडावर काम पडतं ते भरतं, ज्याला काम नाही ते झिजतं. टायटॅनियम इथे बरं पडतं, ते स्टीलच्या निम्मंच ताठ असतं, एकशे दहा गिगापास्कलच्या आसपास. तरीही हाडाच्या बाहेरच्या टणक कवचापेक्षा पाच-सहा पट ताठ आहेच. म्हणजे दोन्हीकडून पेच. प्लेट लवचीक केली तर सांधा हलतो आणि जुळत नाही, ताठ केली तर हाडाला काम मिळत नाही. जाड म्हणजे चांगली, असं मी सरळसोट समजत होते. इंजिनिअर असून समजत होते, कारण माझ्या सगळ्या उदाहरणांत भार झेलणारी वस्तू निर्जीव होती. वापरल्याने भरून येणारा भाग मी कधी डिझाइन केलेलाच नव्हता.

माझ्या खोलीत समोरच्या खाटेवर साताऱ्याकडच्या एक आजी होत्या. मिश्री आणि तंबाखू पन्नास वर्षं. आमच्या वॉर्डातले बहुतेक जण तंबाखू नाही तर गुटख्यामुळे आलेले. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी त्यांतले कितीतरी तरुण होते. आजींना हृदयाचा त्रास होता, नऊ तासांचं ऑपरेशन झेपणारं नव्हतं, म्हणून त्यांना फक्त प्लेट. त्यांच्यासाठी तो निर्णय योग्यच होता, हे मला आवर्जून सांगायचं आहे. नुसती प्लेट म्हणजे अर्धवट उपचार नव्हे. त्यांना पुढे रेडिएशनही होतं, तीस बैठका, सहा आठवडे. रेडिएशन झालेलं हाड सावकाश भरतं, वरची कातडी पातळ होते, कधी प्लेट कातडीतून बाहेर डोकावते. त्यांची सून मला रोज विचारायची, “त्यांना काय काय खायला द्यायचं नाही?” मी सांगायची, जे डॉक्टर सांगतील ते, पण त्याहून एक गोष्ट जपा. दर आठवड्याला आरशासमोर दात मिटून बघायला सांगा. दात पूर्वीसारखे बसतात का? हनुवटी मध्यावर आहे का? प्लेटवरची कातडी लाल दिसते का? दुखण्याची वाट पाहू नका, त्या जागेला बऱ्याचदा दुखणं कळतच नाही.

माझ्या बाबतीत तर नसच गेलेली होती. ‘दुखत नाही, म्हणजे सगळं ठीक’ या एका वाक्यावर मी अकरा महिने काढले.

सहा आठवडे पातळ आणि मग मऊ. पाचव्या दिवशी वॉकर धरून उभी राहिले, दोन महिन्यांनी पायऱ्या चढले. तिसऱ्या महिन्यातल्या ओपीजीत दोन हाडांमधली रेघ पुसट होऊ लागली होती. या काळात मी मनात सतत एक शर्यत पाहत होते. एका बाजूला प्लेटचे फेरे मोजले जात आहेत, दुसऱ्या बाजूला हाड सरकत सरकत जुळत आहे. पहिल्या वेळी दुसरा धावपटू मैदानात उतरलेलाच नव्हता.

सहाव्या महिन्यात डॉक्टरांनी सीटी स्कॅनच्या पडद्यावर बोट ठेवलं. पुढचा सांधा जुळलेला. मधला, पाचर काढून जोडलेला, तोही जुळलेला. मागचा सांधा शोधायला त्यांना दोन-तीन चित्रं पुढेमागे करावी लागली, कारण रेघ उरलीच नव्हती.

त्या रात्री आईंनी, माझ्या सासूबाईंनी, ज्वारीची भाकरी केली. तिचा पापुद्रा आमटीत बुडवून मी खाल्ला. आमटी ओठावरून ओघळली असावी, कारण लेकीने न बोलता रुमाल पुढे केला.

आता दातांचे इम्प्लांट बसवायचे आहेत. त्यासाठी प्लेटचे दोन स्क्रू आड येतात, ते काढावे लागतील. हाड जुळलं आहे, त्यामुळे काढता येतील असं डॉक्टर म्हणतात. ते स्क्रू मला द्या, असं मी आत्ताच सांगून ठेवलं आहे. आप्पांनी त्यांच्यासाठी भिंग पुसून ठेवलंय.